आठशे मीटरची बातमी

२ ऑगस्ट १९२८ रोजी ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर महिलांच्या ८०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी झाली. ॲथलेटिक्समध्ये बायकांना ऑलिंपिकचं दार उघडण्याची ती पहिलीच खेप होती, आणि तेही फक्त पाच प्रकारांपुरतं. नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राड्के २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली आणि तो जागतिक विक्रम ठरला. दुसरी आली जपानची हितोमी किनुए. तिची हुकमी शर्यत १०० मीटरची, पण तिथे ती उपांत्य फेरीतच बाहेर पडली होती. रिकाम्या हातांनी मायदेशी परतायचं नाही म्हणून ती ८०० मीटरला उभी राहिली. या अंतराचा तिला सराव नव्हता, तरी ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली जपानी स्त्री म्हणून तिचं नाव नोंदलं गेलं. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली.

छापून मात्र भलतंच आलं. न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने लिहिलं की अकरा केविलवाण्या बायका धावत होत्या, त्यातल्या पाच जणींनी शर्यत मधेच सोडली आणि पाच जणी रेषा ओलांडल्यावर कोसळल्या. धावणाऱ्या मुळात नऊच होत्या आणि मधेच कुणीही थांबलं नव्हतं. त्या शर्यतीची चित्रफीत आजही पाहायला मिळते. शेवटी दमून एक-दोघी खाली पडताना दिसतात. जीव तोडून ८०० मीटर धावलेला पुरुषही असाच पडतो, आणि त्याच्याबद्दल लिहिताना तेच वार्ताहर जिद्दीचे गोडवे गातात. बायकांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष निघाला की हे शरीर एवढ्या अंतरासाठी घडलेलंच नाही. ऑलिंपिकमध्ये बायका नकोतच, असं आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ उघडपणे म्हणत असत. त्यांच्या विचारांच्या पुढाऱ्यांना या बातम्यांनी आयतं निमित्त दिलं. महिलांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली. ती परतली १९६० मध्ये, रोमला. मधे ३२ वर्षं गेली.

हितोमी स्वतः ओसाकाच्या ‘मैनिची’ वृत्तपत्रात नोकरीला होती. बातमी कशी तयार होते हे जवळून पाहिलेल्या या मुलीने आपल्याच शर्यतीची अशी बातमी झालेली पाहिली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

महिलांच्या खेळाचं वार्तांकन या विषयावर बोलताना आपण सहसा धरून चालतो की खेळ आधी होतो आणि बातमी मागून येते. बातमी लहान आली, तिरकस आली, आलीच नाही, तर तो अन्याय खरा, पण खेळ आपल्या जागी शाबूत आहे. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. कुठली शर्यत होणार, कुणाला किती पैसे मिळणार, पंचांचा निर्णय पुन्हा तपासला जाणार की नाही, हे सगळं खेळ कसा दाखवला जातो यावर ठरत आलं आहे. वार्तांकन प्रेक्षकांच्या सज्जात बसलेलं नसतं, ते मैदानात उतरलेलं असतं.

१९२८ च्या त्या बातमीची सावली किती लांब पडली ते पाहा. लांब पल्ला बायकांना झेपत नाही ही समजूत पुढच्या पिढ्यांनी जणू वैद्यकीय सत्य म्हणून स्वीकारली. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत होती, तेव्हा स्पर्धेचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा क्रमांक ओरबाडायला लागला. छायाचित्रकारांच्या गाडीतून हे टिपलं गेलं म्हणून जगाला कळलं. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली, १०,००० मीटर १९८८ मध्ये. आणि तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत? पुरुषांसाठी ती १९२० पासून होती. महिलांसाठी २००८ साल उजाडावं लागलं.

इथे ही गोष्ट थेट सातारा जिल्ह्यात येते. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमाची वेळ दिली, आणि १५ ऑगस्टला झालेल्या अंतिम फेरीत ती दहावी आली. पी. टी. उषा १९८४ मध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत धावली, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे ललिता. ज्या प्रकारात तिने हे केलं तो महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये तेव्हा तिसऱ्यांदाच होत होता. वीस वर्षं आधी जन्मली असती, तर तिची सर्वांत चांगली शर्यत ऑलिंपिकच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडलीच नसती. दुष्काळी भागातली मुलगी, घरची शेती, धावत शाळेत जाणं हे सगळं आपण तिच्याबद्दल वाचलं. तिच्या वाटेत उभा असलेला हा ऐंशी वर्षांचा अडथळा मात्र क्वचितच कुणी लिहिला.

मराठी पत्रकारितेचं एक श्रेय इथे नोंदवायला हवं. ललिताला ‘माणदेशी एक्सप्रेस’ आणि तिच्या आधी नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या कविता राऊतला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ ही नावं मिळाली आणि लोकांच्या तोंडी रुळली. कविताने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. या दोन्ही नावांत तिची माती आहे आणि तिचा वेग आहे. तिचा चेहरा, वय किंवा लग्न नाही. साधी गोष्ट वाटते, पण जगभरच्या क्रीडापानांवर ती दुर्मीळ आहे.

वार्तांकनाचा मुद्दा काढला की संपादकांकडून आणि वाहिन्यांकडून एक उत्तर ठरलेलं येतं: लोकांना बघायचंच नसतं, मग आम्ही दाखवायचं कुणासाठी? हा युक्तिवाद मला हलक्यात घ्यायचा नाही, कारण तो प्रामाणिकपणे मांडणारी माणसंही पुष्कळ आहेत. पण इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी डिक, कर नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळा बनवण्याचं काम बायकांवर आलं. जेवणाच्या सुट्टीत या बायका फुटबॉल खेळू लागल्या, त्यातून संघ उभा राहिला आणि जखमी सैनिकांसाठी पैसे जमवायला सामने होऊ लागले. १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आत होते, आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेर ताटकळले होते. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. इतक्या वर्षांत एक अख्खी परंपरा मोडते. आजीने पाहिलेला सामना नातीला सांगायला उरत नाही, क्लब उरत नाहीत, प्रशिक्षक तयार होत नाहीत. मग पन्नास वर्षांनी कुणी तरी म्हणतं, बघा, बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षकच नाही.

आपल्याकडे क्रिकेटचं पाहा. क्रिकेटचा पहिला विश्वचषक महिलांचा होता. तो १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी. त्याच १९७३ मध्ये भारतात महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण यांनी पुढे या संघटनेचं अध्यक्षपदही सांभाळलं. मुली अनारक्षित डब्यातून प्रवास करायच्या, मिळेल त्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायच्या, आणि सामान एकमेकींत वाटून खेळायच्या. तरीही १९७६ मध्ये शांता रंगास्वामीच्या संघाने पाटण्यात वेस्ट इंडीजला हरवून भारतीय महिलांचा पहिला कसोटी विजय मिळवला. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. पैसा आणि सोयी आल्या हे खरं, पण त्यानंतर आठ वर्षं, २०१४ पर्यंत, भारतीय महिला एकही कसोटी खेळल्या नाहीत. मिताली राजची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १९९९ ते २०२२ अशी चालली. कसोटीत द्विशतक ठोकणारी ही फलंदाज, आणि तिच्या वाट्याला आलेले एकूण कसोटी सामने फक्त १२.

कमी दाखवलं जातं म्हणजे किती कमी, याचं एक चांगलं मोजमाप अमेरिकेत झालं आहे. मायकेल मेसनर, पुढे शेरिल कुकी आणि त्यांचे सहकारी १९८९ पासून साधारण दर पाच वर्षांनी लॉस एंजेलिसच्या स्थानिक वाहिन्यांवरच्या क्रीडाबातम्या घड्याळ लावून पाहत आले. पुढे ईएसपीएनचा ‘स्पोर्ट्ससेंटर’ हा कार्यक्रमही त्यात आला. १९८९ मध्ये महिलांच्या खेळाला ५ टक्के वेळ मिळत होता. २०१९ मध्ये तो ५.४ टक्के होता. त्या वर्षी अमेरिकेच्या महिलांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता. तो वगळला तर आकडा ३.५ टक्क्यांवर येतो. तपासलेल्या कार्यक्रमांपैकी ८० टक्क्यांत महिलांच्या खेळाची एकही बातमी नव्हती. या तीस वर्षांत अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून खेळणाऱ्या मुली प्रचंड वाढल्या. बातम्यांच्या घड्याळाला त्याचा पत्ता लागला नाही.

या अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. सुरुवातीच्या काळात महिला खेळाडूंचा विषय निघाला की निवेदक थट्टा करत किंवा त्यांच्या रूपाबद्दल बोलत. पुढे हे कमी झालं. त्याच्या जागी आलं ते सभ्य, सपाट, कोमट निवेदन. पुरुषांच्या सामन्याचं वर्णन करताना आवाज चढतो, आकडेवारी येते, जुनी वैरं निघतात, एकच फटका चार कोनांतून दिसतो. महिलांचा सामना मात्र ‘अमुक संघाने तमुक संघाला हरवलं’ एवढ्यावर मिटतो. कुणाचा अपमान नाही, पण कुणाला पुढचा सामना पाहायची ओढ लागावी असंही काही नाही.

आपण कॅमेऱ्याच्या किती आहारी जातो हे एका प्रयोगातून कळतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सहाशेहून अधिक लोकांना फुटबॉलमधले उत्तम गोल दाखवले गेले, काही पुरुषांनी केलेले, काही महिलांनी. खेळणारे स्पष्ट दिसत होते तेव्हा लोकांनी पुरुषांच्या खेळाला जास्त गुण दिले. मग तेच गोल दुसऱ्या गटाला दाखवताना आकृत्या धूसर केल्या, म्हणजे खेळणारा पुरुष की स्त्री हे कळू नये. गुणांतला फरक नाहीसा झाला. त्याच वर्षी महिला विश्वचषकाच्या आधी फ्रान्समधल्या ऑरेंज या दूरसंचार कंपनीने एक जाहिरात काढली. एम्बापे, ग्रीझमन यांसारखे फ्रान्सचे तारे अफलातून गोल करताना दिसतात. मग जाहिरात उघड करते की हे सारे गोल फ्रान्सच्या महिला संघातल्या खेळाडूंचे आहेत, चेहरे तेवढे संगणकाने बदललेले. ज्यांनी ती जाहिरात ‘वा, काय गोल आहे’ म्हणत पाहिली, त्यांचा खेळाबद्दलचा अंदाज चुकला नव्हता. गोल खरोखरच तसे होते.

कॅमेऱ्याचा संबंध निकालाशी कसा येतो हे क्रिकेटइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची सोय, म्हणजे डीआरएस, कॅमेऱ्यांवर चालते. चेंडूचा मार्ग दाखवायला पुरेसे कॅमेरे नसतील तर दाद कशाच्या आधारावर मागणार? २०१७ च्या महिला विश्वचषकात ३१ सामने झाले. त्यातले १० टीव्हीवर दाखवले गेले, बाकीचे फक्त इंटरनेटवरून. डीआरएस होती ती टीव्हीवरच्या सामन्यांत. म्हणजे एकाच विश्वचषकात काही खेळाडूंना चुकीच्या पायचीतविरुद्ध दाद मागता येत होती आणि काहींना नाही, आणि हे ठरलं होतं प्रक्षेपणाच्या वेळापत्रकावरून. जुलै २०२३ मध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्ध बाद दिल्यावर भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर हिने रागाने बॅट यष्ट्यांवर मारली आणि पंचांबद्दल जाहीरपणे कडवट बोलली. वागणं चुकीचंच होतं, दोन सामन्यांच्या बंदीची शिक्षाही झाली. पण त्यावर जो धुरळा उडाला त्यात एक गोष्ट फार थोड्यांनी विचारात घेतली: त्या मालिकेत डीआरएस नव्हती. दाद मागायला तिच्याकडे अधिकृत रस्ताच नव्हता.

आता थोडं प्रश्नांविषयी. पत्रकार काय लिहितो इतकंच तो काय विचारतो हेही महत्त्वाचं असतं, कारण उत्तर त्या चौकटीतच द्यावं लागतं. २०१७ च्या विश्वचषकाआधी मिताली राजला विचारलं गेलं की तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण. तिने उलट विचारलं, पुरुष खेळाडूला तुम्ही आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का? २०१६ मध्ये सानिया मिर्झा दुहेरीत जगात अव्वल होती, आणि एका ज्येष्ठ पत्रकाराने तिला मुलाखतीत विचारलं की संसारात, मातृत्वात स्थिरावणार कधी. मी जगात पहिली आहे हे स्थिरावणं नव्हे का, अशा आशयाचं तिचं उत्तर आलं आणि त्या पत्रकाराने तिथल्या तिथे माफी मागितली. हे दोन प्रसंग गाजले, कारण दोघी बोलक्या होत्या आणि यशाच्या शिखरावर होत्या. जिल्हा पातळीवरच्या मुलीला ‘घरून परवानगी असते का’, ‘लग्नानंतर खेळणार का’ असं विचारलं जातं तेव्हा ती मान खाली घालून उत्तर देते आणि तेच छापून येतं. त्याच रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची नेमबाज कोरी कॉगडेल हिने कांस्यपदक जिंकलं, तर ‘शिकागो ट्रिब्यून’ने समाजमाध्यमावर तिचं नावच दिलं नाही; एका फुटबॉलपटूच्या बायकोला पदक, अशी बातमी दिली. भारताची त्या ऑलिंपिकमधली दोन्ही पदकं मुलींनी आणली, साक्षी मलिक आणि पी. व्ही. सिंधूने. सिंधू अंतिम फेरीत गेली तेव्हा इंटरनेटवर तिच्या नावासोबत सर्वाधिक शोधल्या गेलेल्या शब्दांत ‘जात’ होता.

बुद्धिबळात तर शरीराच्या ताकदीचा बहाणाही चालत नाही. तरीही जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुखला जाहीरपणे लिहावं लागलं की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवर चर्चा करत होते, आणि पुरुष खेळाडूंच्या मुलाखती मात्र खेळाबद्दल होत होत्या. तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, तिने जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तिच्यामागे महाराष्ट्राची जुनी परंपरा आहे. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुलींनी भारतीय महिला बुद्धिबळ गाजवलं. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना निर्वाळा द्यावा लागला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. तिच्या घरातच वर्तमानपत्र होतं. ज्यांच्या घरी ते नसतं, त्यांच्या अशा लढाया किती नोंदल्या गेल्या असतील?

खेळ किती आणि कसा दाखवला जातो हे पाहिल्यावरच पैशाचं गणित समजतं. खेळाचा मोठा पैसा प्रक्षेपण हक्कांतून येतो, प्रायोजक त्यामागून येतात, आणि मानधन, फिजिओ, सरावाची मैदानं त्या पैशांतून. मिताली राजने नंतर सांगितलं की २००५ च्या विश्वचषकात, जिथे भारत अंतिम फेरीत पोहोचला, खेळाडूंना सामन्यामागे हजार रुपये मिळाले होते. २०१७ मध्ये उपांत्य फेरीत हरमनप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या, लॉर्ड्सवर अंतिम सामना ९ धावांनी गेला, आणि देशाने पहिल्यांदा हा संघ टीव्हीवर नीट पाहिला. पुरुषांनी २००७ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकल्यावर काही महिन्यांत आयपीएल सुरू झाली होती. तिची आखणी आधीच झाली होती हे मान्य. महिलांची लीग मात्र २०१७ नंतर सहा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये आली. तिचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले आणि सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. जे वर्षानुवर्षं ‘बाजार नाही’ म्हणून सांगितलं जात होतं, ते दुकान उघडताच विकलं गेलं.

ऑक्टोबर २०२२ पासून बीसीसीआय महिला आणि पुरुषांना सामन्याचं समान मानधन देते: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. हा निर्णय खरोखर मोठा आहे. वार्षिक करारांत मात्र अंतर राहिलं. २०२४-२५ मध्ये महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख आणि पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी होते. शिवाय सामन्यागणिक मानधन समान असलं तरी वर्षाकाठी सामने किती मिळतात यावर घरी जाणारा पैसा ठरतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याआधी तीनच दिवस, त्याच मैदानावर, मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचं लक्ष्य पार झालं होतं. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने सांगितलं की अंतिम सामना १८ कोटी ५० लाख लोकांनी मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्यावर तिच्या ॲपवरून पाहिला, म्हणजे २०२४ च्या पुरुष टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याइतकाच. लोकांना बघायचंच नसतं, हा युक्तिवाद क्रिकेटपुरता तरी त्या रात्री निकालात निघाला.

पण क्रिकेट म्हणजे सगळे खेळ नव्हेत. त्याच नोव्हेंबरच्या २४ तारखेला ढाक्यात भारतीय मुलींनी चायनीज तैपेईला ३५-२८ असं हरवून कबड्डीचा महिला विश्वचषक जिंकला. कबड्डी हा तर आपल्या मातीतला खेळ. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. २०१६ मध्ये तिच्याच जोडीने महिलांचे तीन संघ घेऊन एक छोटी स्पर्धा झाली. एका संघाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. अंतिम सामना शेवटच्या क्षणापर्यंत रंगला आणि २४-२३ असा एका गुणाने सुटला. याहून चांगली जाहिरात त्या खेळाला काय हवी होती? पुढच्या हंगामात पुरुषांचे संघ आठाचे बारा झाले. महिलांची स्पर्धा परतली नाही.

त्या छोट्या स्पर्धेनंतर दोनच वर्षांनी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. अनेक वर्षं नाशिकमध्ये मुली घडवणाऱ्या या बाई निकालानंतर एकदम बातमीत आल्या. त्याआधी त्यांच्याबद्दल किती छापून आलं होतं? त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली कुठल्या स्पर्धेत कशा खेळल्या, याची नोंद कुणी ठेवली असती, तर भारतीय संघाला त्यांची आठवण इराणच्या आधी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मराठी क्रीडापानांकडे माझं मागणं आहे ते अगदी जवळचं आणि होण्यासारखं आहे. जिल्हा अजिंक्यपद कबड्डीची बातमी देताना पुरुष गटाचं सविस्तर वर्णन आणि शेवटच्या ओळीत ‘महिला गटात अमुक संघ विजयी’, ही पद्धत थांबवा. मध्यंतराला गुण किती होते, लोण कुणी चढवला, कुणाच्या चढाईवर सामना फिरला, कोपऱ्यात पकडी कुणी केल्या, हे नावांसकट द्या. पाहुण्यांच्या हस्ते चषक घेतानाचा फोटो देण्याऐवजी चढाईचा द्या. आणि उद्याचा उपांत्य सामना किती वाजता, कुठल्या मैदानावर आहे, हेही आजच छापा.